पुट ऑफ : कोणी, काय आणि कधीपर्यंत?

  आज इंग्रजीतल्या दोनच शब्दांबद्दल बोलायचं आहे : 'पुट ऑफ'.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना हे इंग्रजी कशाला? कारण आता ते आपल्या हातातल्या मोबाईलवर येऊन बसलंय. बँकेचा मेसेज येतो, लेकरांच्या परीक्षेची सूचना येते, दवाखान्याची तारीख येते. मध्यंतरी एका गटातल्या काकूंना पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतणीचा निरोप आला, 'एंगेजमेंट पुट ऑफ.' घरात एकच गोंधळ उडाला. काकूंना वाटलं, सोयरीक मोडली. खरं तर मुलाकडच्या आजीचं ऑपरेशन निघालं म्हणून साखरपुडा महिनाभर पुढं गेला होता, एवढंच. मोडला असता तर तिनं 'कॉल ऑफ' लिहिलं असतं. पुट ऑफ म्हणजे पुढं ढकललं. कॉल ऑफ म्हणजे रद्द केलं. एका शब्दाच्या फरकानं घरात त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही.

तर हा शब्द आधी नीट समजून घेऊ. 'पुट' म्हणजे ठेवणं. 'ऑफ' म्हणजे बाजूला, दूर. 'मोटर ऑफ कर' हे तर आपण रोजच म्हणतो. दोन्ही मिळून झालं, समोरचं काम उचलून पलीकडं ठेवणं. इंग्रजीत असे जोडशब्द खूप आहेत. क्रियापद साधंच असतं, पण त्याला एखादा छोटा शब्द चिकटला की अर्थ भलतीकडंच जातो. लेकरं अशा शब्दांना घाबरतात. त्यांना सांगा, आपल्या मराठीतही असंच चालतं. 'मार खाणे' यात कोणी काही खात नाही. 'मनावर घेणे' यात हातानं काही उचलत नाही. आपल्याला ते अवघड वाटत नाही, कारण आपण ते ऐकत ऐकत शिकलो. पुट ऑफसुद्धा तसंच शिकायचं.

वापरायच्या चार गोष्टी सांगतो. जवळ वही असेल तर लिहून घ्या, आणि दहावीतलं लेकरू घरात असेल तर त्याला रेडिओजवळ बोलवा.

पहिली गोष्ट. कालचं बोलायचं असलं तरी 'पुट'च राहतं, 'पुटेड' होत नाही. 'वी पुट ऑफ द मीटिंग' म्हणजे आम्ही बैठक पुढं ढकलली.

दुसरी. वस्तूचं नाव घेतलं तर ते शेवटी आलेलं चालतं, 'पुट ऑफ द मीटिंग'. पण नाव न घेता 'ती' म्हणायचं असेल, तर ते मधे बसवायचं, 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' म्हणायचं नाही.

तिसरी. पुट ऑफच्या पुढं एखादं काम सांगायचं असेल तर त्याला 'इंग' लावायचा. 'शी पुट ऑफ गोइंग टू द डॉक्टर', तिनं डॉक्टरकडं जाणं लांबवलं. इथं 'पुट ऑफ टू गो' म्हटलं की चूक झाली.

चौथी गोष्ट आपल्या कामाची. किती पुढं, हे सांगायला दोन शब्द आहेत. 'टिल' लावला की तारीख येते, 'टिल मंडे' म्हणजे सोमवारपर्यंत. 'फॉर' लावला की मुदत येते, 'फॉर टू वीक्स' म्हणजे दोन आठवडे. आणि काही सूचनांत 'अनटिल फर्दर नोटिस' लिहिलेलं असतं. म्हणजे 'पुढील सूचनेपर्यंत'. हे वाक्य दिसलं की सावध व्हायचं. पुढं ढकललंय खरं, पण कधीपर्यंत ते सांगितलेलंच नाही.

आता अर्थ बघू. पुट ऑफचे वापरातले तीन अर्थ एकमेकांना लागून आहेत, ते क्रमानंच लक्षात ठेवा.

पहिला, काम पुट ऑफ करणं. म्हणजे लांबणीवर टाकणं, चालढकल करणं.

दुसरा, माणसाला पुट ऑफ करणं. म्हणजे काहीतरी कारण सांगून त्याची बोळवण करणं. 'साहेब नाहीत, उद्या या.' उद्या गेलं की 'सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या.' काम तर लांबलंच, पण बाईलाही परत पाठवलं. 'डोन्ट पुट मी ऑफ' म्हणजे मला टोलवू नका.

तिसरा, माणसाचं मनच पुट ऑफ होणं. म्हणजे मन उडणं. जेवणाच्या वासानं नको वाटलं तरी इंग्रजीत हेच म्हणतात, 'द स्मेल पुट मी ऑफ'. चार वेळा परत पाठवलेली बाई पाचव्या वेळी जातच नाही. म्हणते, जाऊ द्या, नको ती योजना अन् नको ते हेलपाटे.

आधी काम लांबतं, मग माणूस परत पाठवला जातो, आणि शेवटी त्याचं मन उडतं. तिसरी पायरी आली की दोष बाईवरच येतो, 'तीच आली नाही.' म्हणून पहिल्या पायरीवरच थांबवायला शिकायचं आहे.

पैशाच्या बाबतीत तर या शब्दाचा अर्थ नीट कळलाच पाहिजे. 2020 साल आठवा. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि 27 मार्चला रिझर्व्ह बँकेनं कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत द्यायला बँकांना परवानगी दिली. पुढं ती 31 ऑगस्टपर्यंत वाढली. गावात बातमी पसरली, 'हप्ते माफ झाले.' माफ झाले नव्हते, पुट ऑफ झाले होते. हप्ता थांबला होता, व्याज चालूच होतं. समजा, एखाद्या बाईचे 30,000 रुपये बाकी आहेत आणि व्याज वर्षाला शेकडा 24 आहे. महिन्याला 600 रुपये व्याज. सहा महिने हप्ता भरला नाही, तर 3,600 रुपये डोक्यावर वाढले. ज्या घरात खायलाच नव्हतं, त्या घराला ती सवलत गरजेचीच होती. पण 'माफी' आणि 'मुदत' यातला फरक ज्यांना कळला, त्यांनी जमेल तसं थोडं थोडं भरत ओझं हलकं ठेवलं.

बँकेत आणखी एक 'ऑफ' कानावर येतो, 'राइट ऑफ'. त्यालाही माफी समजू नका. बँक तिच्या हिशेबाच्या वहीत ते कर्ज बुडीत खात्यात टाकते. आपलं देणं तसंच राहतं, वसुलीही होऊ शकते. आणि 'पे ऑफ' म्हणजे कर्ज पूर्ण फेडलं. पे ऑफ झाल्यावर बँकेकडून बेबाकीचा दाखला लेखी घ्यायचा. हे सगळे ऑफ सारखेच ऐकू येतात, पण प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. इंग्रजीत पुट ऑफ म्हटलं की त्यामागं कोणीतरी करणारा असतो. 'हू पुट इट ऑफ?', कोणी ढकललं? आपण मराठीत काय म्हणतो? 'राहून गेलं.' 'लांबलं.' 'पुढं गेलं.' काम जणू आपल्या पायानं चालत पुढं गेलं! 'डोळे दाखवायचे राहून गेले.' 'सातबाऱ्यावर नाव लावायचं राहून गेलं.' कोणी ठेवलं, हे वाक्यात कुठंच येत नाही. आपली भाषा वाईट आहे असं नाही. कुणाचं मन न दुखवता बोलायची ती एक रीत आहे. पण त्या रीतीआड कधी कधी मोठी गोष्ट झाकली जाते.

किल्लारीच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती. त्या भूकंपानं लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसं नेली. आमच्यापैकी काही जणी तेव्हा मांडीवर होत्या, काही जन्मल्याही नव्हत्या. पण घरातल्या मोठ्या माणसांनी सांगितलेलं आम्हाला पाठ आहे. जमीन काही त्या पहाटेच पहिल्यांदा हलली नव्हती. त्याच्या आधीच्या वर्षी, 1992 च्या पावसाळ्यापासून, किल्लारी परिसरात धक्के बसत होते. जमिनीतून आवाज यायचे. 18 ऑक्टोबर 1992 चा धक्का तर साडेचारच्या आसपास तीव्रतेचा होता. लोक घाबरले, बाहेर झोपले, काही जण गाव सोडून गेले. मग धक्के कमी झाले आणि लोक पुन्हा आपापल्या माळवदाखाली आले.

यात लोकांचा दोष काढायचा नाही. शेत, जनावरं, घर टाकून माणूस किती दिवस बाहेर राहील? आणि आपला भाग तेव्हाच्या भूकंप नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो नकाशा पुढं बदलला. पण दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर फूटभर मातीचं ओझं असलेलं छत, त्या घराचं काय करायचं हा प्रश्न धक्के बसत होते तेव्हा समोर होता, आणि तो पुढं गेला. कोणी पुढं नेला? 'राहून गेलं' असं म्हटलं की या प्रश्नाला उत्तरच लागत नाही. म्हणून 'राहून गेलं' हा शब्द आम्हाला जपून वापरावासा वाटतो.

भूकंपानंतर जे झालं, त्यातूनही शिकायला मिळतं. 52 गावं नव्या जागी वसली. 1994 पासून जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम चालला. ज्या गावांत घरं उभी होती पण कमजोर झाली होती, तिथं ती मजबूत करायची होती. छतावरच्या मातीचं ओझं कमी करायचं, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवायचे, भिंतीवरून सिमेंट-लोखंडाचा पट्टा फिरवायचा. हे काम घरोघर समजावून सांगायला गावागावांतल्या बायांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यासाठी महिला मंडळांना पुढं आणलं. तोवर ज्यांनी ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, त्या बाया इंजिनिअरशी भिंतीच्या जाडीवर बोलू लागल्या. आज आपल्या भागात बचत गटांचं जे जाळं दिसतं, त्याची बरीच मुळं त्या कामात आहेत. कोणतं घर, कोणतं काम, कोण करणार, कधीपर्यंत, असं बोलायची सवय बायांना तिथं लागली.

कोणी विचारेल, मग काहीच पुढं ढकलायचं नाही का? ढकलायचं की! शेतकऱ्याच्या घरात हे सगळ्यांना कळतं. मृगाचा एक पाऊस पडला म्हणून कोणी लगेच सोयाबीन टाकत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल जाऊ द्या, मग पेरा, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो. वाफसा यायची वाट बघणं ही चालढकल नव्हे. तिथं कारण आहे, आणि कशाची वाट बघतोय तेही ठरलेलं आहे. उलट येळवस बघा. वेळा अमावस्या त्याच दिवशी येणार. भज्जी, अंबिल त्याच दिवशी शेतात गेली पाहिजे. 'पुढच्या रविवारी करू' असं कोणी म्हणत नाही. काय थांबू शकतं आणि काय थांबू शकत नाही, हे आपल्याला शेतीत बरोबर कळतं. स्वतःच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो.

बायांच्या दुखण्यासाठी मराठीत एक शब्द आहे, 'अंगावर काढणं'. याला इंग्रजीत आम्हाला नेमका शब्द सापडला नाही. पुट ऑफ म्हटलं तर काम फक्त पुढं गेलं एवढंच कळतं. अंगावर काढणं म्हटलं की त्याची किंमत कोणी दिली तेही कळतं, अंगानं दिली. पाळीत जास्त रक्त जातं, चक्कर येते, छातीत गाठ लागते, डोळ्यांपुढं धूसर दिसतं. 'राशी होऊ द्या मग बघू.' राशी झाल्या की 'पोरीचं लग्न होऊ द्या.' मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन महिने थांबलं तर बहुतेक वेळा चालून जातं, डॉक्टरला विचारून थांबवता येतं. पण छातीतली गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा दिसलेलं रक्त, गरोदरपणात सुजलेले पाय आणि डोकेदुखी, ही येळवशीसारखी आहेत. त्यांना 'टिल' लागत नाही. त्याच दिवशी आशाताईंना सांगायचं आणि दवाखान्यात जायचं. गरोदर बाईला 108 ची गाडी बोलवायला घरातल्या कुणाच्या परवानगीची वाट बघायची नाही.

आता दुसऱ्या पायरीचं, म्हणजे कार्यालयात बाईला पुट ऑफ केलं जातं त्याचं बोलू. यावर आपल्या राज्यात कायदे आहेत. 2005 चा एक कायदा सरकारी बदल्यांचा आणि विलंबाचा आहे, लोक त्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. त्यात म्हटलंय की एका कर्मचाऱ्याकडं फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. दुसरा, 2015 चा लोकसेवा हक्क कायदा. दाखले, नोंदी, अशा ज्या सेवा जाहीर केल्या आहेत, त्या किती दिवसांत द्यायच्या ते ठरलेलं असतं आणि त्याचा फलक कार्यालयात लावावा लागतो. अर्ज दिला की पोच मिळते. मुदतीत काम झालं नाही, किंवा कारण न पटणारं देऊन नाकारलं, तर 30 दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं. सबळ कारण नसताना काम अडवणाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो.

म्हणजे 'उद्या या' म्हटलं की भांडायची गरज नाही. एवढंच म्हणायचं, 'साहेब, अर्जाची पोच द्या आणि काम कधीपर्यंत होईल ती तारीख त्यावर लिहा.' पोच हातात असली की ते पुट ऑफ 'टिल'वालं होतं. पोच नसली की ते 'पुढील सूचनेपर्यंत' होतं. आमच्या गटांत बाया अशा कामाला दोघी-दोघी जातात. एक बोलते, दुसरी लिहून घेते. सोबतीण असली की मन लवकर उडत नाही.

घरातलंही एक काम असंच लांबत राहतं, सातबाऱ्यावर बायकोचं नाव. शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांनी 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम काढली, त्यातून नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव जमिनीवर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय झाली. मालक 'नाही' म्हणत नाहीत. म्हणतात, 'लावू की, घाई काय?' त्यांना इतकंच विचारायचं, 'बरं, कधी जायचं तलाठ्याकडं? सोमवारी की बुधवारी?' होकार आहे ना, मग वार ठरवायला काय हरकत?

आणि हा शब्द दिल्लीपर्यंत जातो बरं का. लोकसभा-विधानसभेत बायांना एक तृतीयांश जागा देणारं विधेयक पहिल्यांदा 1996 मध्ये संसदेत आलं. मंजूर झालं 2023 मध्ये, सत्तावीस वर्षांनी. आणि मंजूर करतानाही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच ते लागू होईल, अशी अट त्यात होती. 2021 ची जनगणना तर कोरोनामुळं आधीच पुढं गेलेली. विधेयक कोणी कॉल ऑफ केलं नव्हतं, पुट ऑफ होत राहिलं. न मोडताही एखादी गोष्ट पिढीभर लांबवता येते, ती अशी.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एक काम करा. बचतीचा आणि कर्जाचा हिशेब झाला की वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखा : काय, कोणी, कधीपर्यंत. प्रत्येकीनं स्वतःचं एकच लांबलेलं काम सांगायचं. डोळे, आधार कार्डावरचं नाव, सातबारा, लेकीचं पुन्हा शाळेत नाव घालणं, काहीही. 'राहून गेलं' असं कोणी म्हटलं की बाकीच्यांनी हसत विचारायचं, 'कोणी ठेवलं गं?' कधी ते आपणच ठेवलेलं असेल, कधी घरच्यांनी, कधी कार्यालयानं. जिथं अडलंय तिथंच पुढचं पाऊल टाकायचं आहे. तिसऱ्या रकान्यात वार आणि तारीख लिहा. पुढच्या महिन्यात सचिवताईंनी ते पान आधी उघडायचं आणि मग बैठक सुरू करायची. काम झालं असेल तर खूण करा. झालं नसेल तर नवी तारीख घाला, पण रकाना रिकामा सोडू नका.

आणि लेकराला आज रात्री पाच वाक्यं लिहायला सांगा, पुट ऑफची. एक तुमच्याबद्दल लिहू द्या. काय लिहितंय ते त्याच्याकडून वाचून घ्या.